बेर्तोच्या नावाचा सलाम

अबिमाएल ओर्कासिता आमच्या गावात गायला येणार हे कळलं, तेव्हा माझ्या सासूने आधी मला शिव्या घातल्या आणि मग अंघोळ केली. शिव्या नेहमीच्याच होत्या. तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा आदाल्बेर्तो, घर सोडून गेला तो माझ्यामुळे. मला नवरा सांभाळता आला नाही, मूल देता आलं नाही, साधं गोड बोलताही आलं नाही. अंघोळ मात्र नवीन होती, कारण भर दुपारी ती कधी अंगावर पाणी घेत नसे. केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "देल्फिना, आता तो परत येतो बघ."

"कोण?"

"कोण म्हणजे? बेर्तो. दुसरं कोण आहे तुझं नि माझं? अबिमाएलकडून मी त्याच्या नावाचा सलाम मागून घेणार आहे."

आमच्याकडच्या अकॉर्डियनच्या गाण्यात गायक सूर चालू असतानाच मध्येच कुणाचं तरी नाव घेऊन सलाम ठोकतो. अमक्या गावच्या तमक्या दोस्ताला, त्याच्या मोठ्या मनाला सलाम. रेकॉर्डमध्ये नाव गेलं की मग विचारू नका. लग्नात, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, जिथे ते गाणं वाजेल तिथे ते नाव वाजतं. त्यासाठी श्रीमंत लोक गायकाच्या दारात वासरं बांधून येतात. आणि ज्याला सलाम मिळाला तो असेल तिथून उठून गायकाला भेटायला येतो. नाही आला तर लोक त्याच्या नावाने थुंकतात. सासूचा सगळा भरवसा ह्या रिवाजावर होता. सरहद्दीपलीकडे, माराकाइबोत, कुठल्याशा बाईच्या घरी झुल्यात लोळत पडलेला बेर्तो रेडिओवर स्वतःचं नाव ऐकणार आणि लाजेकाजेस्तव का होईना, उठणार.

सलाम फक्त जिवंत माणसाला देतात. मेलेल्यावर कडवं बांधतात, ढोल बंद ठेवून, नुसत्या अकॉर्डियनवर. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आमच्यातला चानो नदीत बुडाला असं समजून एका गायकाने त्याच्यावर कडवं म्हटलं होतं. पुढच्या आठवड्यात चानो झिंगत गावात शिरला, तर त्याच्या सख्ख्या आईने दार उघडण्याआधी त्याच्यावर चर्चमधलं पाणी शिंपडलं. बिचाऱ्याला पुढे कोणी नोकरीवरही ठेवेना.

बेर्तो काहा वाजवायचा. गुडघ्यांत धरायचा छोटा ढोल, बकऱ्याच्या कातड्याचा. एका संध्याकाळी दाराशी गाडी आली. कुणाचा तरी ढोलवाला तापाने फणफणला होता आणि डोंगराकडच्या एका मळ्यावर मेजवानी होती. बेर्तोने चुलीवर धरून कातडं तापवलं, धुतलेला शर्ट घातला, मला म्हणाला, "सकाळपर्यंत येतो." गाडी कुणाची, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तेव्हा बंदुका घेऊन जीपमधून हिंडणाऱ्या माणसांचं राज्य होतं. त्या दिवसांत रस्त्याकडेला कोणी पडलेलं दिसलं तरी मान वळवून चालायचं असतं, हे आम्ही लहान मुलांनासुद्धा शिकवलं होतं.

तो आला नाही. नंतर ती माणसं गेली, त्यांचा म्होरक्या डॉन एव्हारिस्तो परदेशातल्या तुरुंगात जाऊन पडला, पण बेर्तो आला नाही. प्रेत नाही म्हणून नऊ रात्रींची प्रार्थना नाही, अंगणात डॉमिनो खेळत जागणारे शेजारी नाहीत, माझ्या अंगावर काळे कपडे नाहीत. गडद रंगाचा झगा घातला की सासू विचारायची, "कोण मेलंय तुझं?" फुलाफुलांचा घातला की म्हणायची, "बघा, हिला नवऱ्याचं काही आहे का!" मी ना विधवा ना सवाष्ण. तिला मुलगा जिवंत हवा होता, आणि तो जिवंत राहायचा असेल तर माझ्यावर रुसून गेलेला असणं भाग होतं. दुसरं कारणच नव्हतं. ते मला कळत होतं, म्हणून मी उलटून बोलत नसे. पण रोज ऐकून ऐकून काळजाला घट्टे पडतात असं म्हणतात ते खोटं आहे. मला अगदी पहिल्या दिवसासारखंच लागायचं.

आणि खरं सांगायचं तर काय मागावं हेच मला कळत नव्हतं. तो मेला असेल तर तो माझ्यामुळे गेला नव्हता. जिवंत असेल तर माझ्यामुळेच गेला होता. देवापुढे गुडघे टेकले की दोन्हीपैकी एकही मागणं तोंडातून निघत नसे.

अबिमाएलवर मात्र माझा जीव होता, सासूइतकाच किंवा जास्तच. मी वाचायला शिकले ती त्याच्या कॅसेटमधल्या कागदावरची गाणी वाचून. बेर्तोने मला मागणी घातली तीसुद्धा त्याच्याच गाण्याच्या ओळीत, कारण स्वतःचं बोलायला तो लाजायचा. आमच्या घरात पाद्रीबाबाचा शब्द एकवेळ खाली पडेल, अबिमाएलचा नाही. एवढं प्रेम त्याच्या गळ्यात आहे, तर तो माणूस किती मोठा असेल, असं मला वाटायचं.

आमच्या सांता रुफिना गावच्या संतिणीच्या जत्रेला तो आला. म्हातारा झाला होता, जागरण डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून गाणं दुपारी ठेवलं. उन्हाने चौक तापला होता, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने 'विहिरीवरची पोर' सुरू केलं आणि सगळा चौक गायला लागला. त्या गाण्यात मध्ये डॉन एव्हारिस्तोला सलाम आहे, "डोंगराच्या राजाला, त्याच्या उघड्या हाताला!" गाणं इतकं जुनं आणि लाडकं की तो सलाम आता गाण्याचाच भाग झालाय. लोक त्या जागेची वाट बघतात आणि एका आवाजात ओरडतात. मीही ओरडले. हात वर करून ओरडले.

गाणं संपल्यावर कलाकारांचं जेवण पाद्रीबाबाच्या घरामागच्या अंगणात होतं. स्वयंपाकाच्या बायकांत मी होते, आणि युकाचे कंद सोलायला म्हणून सासूला बरोबर घेतलं होतं. तिने पेटीतला निळा झगा काढला होता. तो अंगावर सांभाळत ती दगडावर बसून युका सोलत होती, आणि दर थोड्या वेळाने मला विचारत होती, "आला का?"

आला. स्टेजवर उंच दिसलेला माणूस जवळून माझ्या खांद्याला लागत होता. टोपी काढली तर डोक्यावर चार केस. खुर्चीत बसला, बूट काढायला लावले आणि म्हणाला, "पोरी, कोमट पाण्यात मीठ टाकून देशील का? हे पाय मला फार दिवस पुरणार नाहीत."

मी घमेलं आणून ठेवलं. त्याचे पाय सुजलेले होते, बोटांना भोवऱ्या.  त्याने माझं नाव विचारलं, बकऱ्याच्या रश्श्याचा घोट घेतला आणि डोळा मारला. "मीठ जरा पुढे आहे, देल्फिना. पण राहू दे, ह्या वयात तेवढीच चव कळते."

"पायाच्या पाण्यातलं उरलं ते टाकलं असेल तिनं," सासू मागून म्हणाली आणि पुढे आली.

तो खदखदून हसला. "ही कोण? हिला माझ्याबरोबर गाडीत घाला रे! रस्ता तरी करमणुकीत जाईल."

"मी तोमासा. हिची सासू." ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली. "माएस्त्रो, मी तुमच्याकडे काहीतरी मागायला आलेय."

"माग, माय. पैसे सोडून काहीही माग. ते तिसऱ्या बायकोने नेले."

सासू हसली. तिला हसताना बघून मला कसंसंच झालं, कारण तिचे पुढचे दोन दात पडलेत हे मला त्या दिवशी कळलं.

"सलाम हवाय. तुमच्या नव्या रेकॉर्डमध्ये. माझ्या मुलाच्या नावाचा."

"दिला! त्यात काय! नाव सांग."

"आदाल्बेर्तो कान्तिल्यो. सांता रुफिनाचा. काहा वाजवतो."

त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली आणि त्याच त्याच्या आवाजात, हळूच, म्हणून बघितलं, "सांता रुफिनाच्या आदाल्बेर्तो कान्तिल्योला, त्याच्या हातातल्या जादूला..." माझ्या अंगावर काटा आला. सासूने छातीवर क्रूस काढला.

"कुठे असतो हा?" त्याने डोळे उघडून विचारलं.

"पलीकडे, माराकाइबोत. ह्या बयेला कंटाळून गेला. एका रात्रीत गेला, निरोप नाही, काही नाही."

"तसं नाही," मी म्हणाले. एरवी बोलले नसते, पण त्याच्यापुढे तरी ते खोटं नको होतं मला. "न्यायला गाडी आली होती. कुणाचा तरी ढोलवाला तापाने पडला होता. डोंगराकडच्या मळ्यावर वाजवायला गेला तो."

 अबिमाएलने घमेल्यातले पाय हलवायचे थांबवले.  मग सासूचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि अगदी मायेने म्हणाला, "माय, सलाम राहू दे. सलाम काय, कुणालाही देतो मी. तुझ्या मुलावर मी कडवं बांधतो. आजवर कुणावर बांधलं नसेल असं."

मनापासून म्हणाला तो. बेर्तोला मोठं काहीतरी द्यावं असं त्याला वाटलं असणार. आयुष्यभर ज्या जिभेने जिवंतांना सलाम आणि मेलेल्यांना कडवं दिलं, त्या जिभेला सवयीने बरोबर तेच सुचलं, आणि आपण काय बोललो ते त्याला बोलून झाल्यावर कळलं. पलीकडे जेवायला बसलेल्या अकॉर्डियनवाल्याने हातातलं हाड ताटात ठेवलं.

"चुकलात, माएस्त्रो," सासू म्हणाली. आवाज अजून गोडच होता. "कडवं मेलेल्यावर बांधतात."

"हो, माय. चुकलो. म्हातारा झालो."

"तुम्ही चुकला नाहीत," मी म्हणाले. माझ्या हातात रश्श्याचा डाव होता, तो मी घट्ट धरला होता. "मळ्यावर कोण गात होतं?"

तो मांडीवरची टोपी फिरवायला लागला.

"माएस्त्रो, मी विचारतेय. कोण गात होतं?"

"मी," तो म्हणाला.

मग तो बोलला. मान वर न करता बोलला. एव्हारिस्तोच्या आईचा वाढदिवस होता. ढोलवाला तापाने पडला, तेव्हा त्या लोकांनी कुठूनसा एक पोरगा आणून बसवला. नाव कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. "डावखुरा होता. असा हात मी जन्मात ऐकला नाही, पोरी. रात्रभर वाजवलं त्यानं. सकाळ झाली तरी एव्हारिस्तो सोडेना, त्याला प्रत्येक गाण्यात त्याचा सलाम हवा. ऊन वर आलं तसा तो पोरगा उठला. गाणं चालू असताना उठला. म्हणाला, बायकोला सकाळपर्यंत येतो म्हणून सांगितलंय, ती झोपली नसेल."

मी झोपले नव्हते. दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"मग?"

"एव्हारिस्तो हसला. म्हणाला, बायकोची एवढी ओढ आहे तर सोडून या रे ह्याला घरी. दोघं त्याला गोठ्यामागे घेऊन गेले."

"आणि तुम्ही?"

"मी गात होतो."

"आवाज आला?"

"आला. मी थांबलो, तर एव्हारिस्तो म्हणाला, गाणं तोडायचं नाही. मग मी ढोलाशिवाय गायलो. अंधार पडेपर्यंत गायलो."

"त्याला कुठे पुरलं?"

"नाही ठाऊक. मी विचारलं नाही."

"आणि आज दुपारी जो सलाम दिलात, तो?"

"ते गाणं त्याच वर्षी रेकॉर्ड केलं. त्याने करायला लावलं. आता काढता येत नाही, पोरी. मी गाळला तर लोक ओरडून मागतात."

"हो. मीपण ओरडले," मी म्हणाले.

त्या क्षणी मला आनंद झाला. कुणाला काय वाटायचं ते वाटो, झाला. एवढी वर्षं मी नवऱ्याला घालवणारी बाई होते, आणि तो तर भरल्या मैफिलीतून, बंदुकांच्या मधून, माझ्याकडे यायला उठला होता. मी अख्खी रात्र त्याच्यासाठी जागत होते हे त्याला तिथे बसून ठाऊक होतं. आणि मग लगेच दुसरं कळलं, की मी झोपणारी बाई असते तर तो बसून राहिला असता. मी चुलीच्या कट्ट्याला धरलं.

"डावखुरा म्हणालात?"

सासू बोलली. ती तशीच उभी होती, ताठ.

"हो, माय."

"मग तो माझा नव्हे. माझा बेर्तो उजव्या हाताने वाजवायचा." ती माझ्याकडे वळली. "सांग गं यांना."

बेर्तो डावखुरा होता. लहानपणी ह्याच बाईने जेवताना त्याचा डावा हात फडक्याने खुर्चीला बांधला होता, लोक सैतानाचा हात म्हणतात म्हणून. जेवायला तो उजव्या हाताने शिकला, पण काहा कायम डाव्यानेच. नंतर त्याचं नाव झालं, तेव्हा हीच गावभर सांगत फिरायची की माझ्या पोराचा डावा हात संतिणीने बनवलाय. तिला ठाऊक नव्हतं असं काहीच नव्हतं. तिने माझा दंड धरला होता. लग्न होऊन आल्यापासून तिने मला हजार हुकूम सोडले, पण कधी काही मागितलं नव्हतं.

"सांग ना, देल्फिना."

मला एकच शब्द बोलायचा होता. एवढ्या वर्षांच्या टोमण्यांचं उत्तर समोर खुर्चीत पाय भिजवत बसलं होतं, आणि पुन्हा असा साक्षीदार मला मिळणार नव्हता. घरी जाऊन भिंतीला सुतकाची पांढरी चादर लावता आली असती, मेणबत्ती लावता आली असती, मोठ्याने रडता आलं असतं. नऊ रात्री शेजारीपाजारी येऊन बसले असते. ते सगळं मला हवं होतं. फार हवं होतं.

मी सासूच्या तोंडाकडे बघितलं.

"उजव्याच हाताने," मी म्हणाले. "तुम्ही बघितलात तो दुसरा कुणीतरी, माएस्त्रो."

अबिमाएलने मान वर केली. म्हातारा असला तरी खुळा नव्हता, त्याला सगळं समजलं. आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला. मी सासूसाठी खोटं बोलले आणि त्यात त्याचंही भागलं. तो गोठ्यामागचा आवाज ऐकून गात राहिला हे मी एखादे वेळी पोटात घालीन, नाही असं नाही. तो सुटकेचा श्वास मात्र नाही.

"असेल, असेल," तो पुटपुटला. "पोरं खूप होती तेव्हा. माझी गफलत झाली."

"मग सलाम द्या," सासू म्हणाली.

"देतो, माय."

दिलेला शब्द त्याने पाळला. नाताळात नवी रेकॉर्ड आली, आणि तिसऱ्याच गाण्यात, ढोल दणदणत असताना, "सांता रुफिनाच्या आदाल्बेर्तो कान्तिल्योला, जिथे असशील तिथे!" गाणं गाजलं. बसमध्ये वाजतं, मटणाच्या दुकानात वाजतं, शेजारच्या लग्नात पोरांनी हात वर करून माझ्या नवऱ्याचं नाव ओरडलं. मी कान झाकून घेऊ शकत नाही, कारण सासू बघत असते. गावातले लोक मला थांबवून अभिनंदन करतात. त्या दिवशी अंगणात काय बोलणं झालं हे त्यांना माहीत आहे, तरी करतात.

सासू रोज निळा झगा घालून दाराशी बसायला लागली. गाडी थांबली की उठायची. कार्निवल आला, गेला. ईस्टर गेला. मग ती जेवेनाशी झाली. पानात घेतलेलं तसंच ठेवायची आणि रस्त्याकडे तोंड करून बसायची. मला भीती वाटायला लागली, की आता ती हिशेब दुसरीकडून मांडायला लागेल आणि तो बरोबर सुटेल.

परवा तिने ताट सरकवलं आणि माझ्याकडे बघितलं. "सलाम ऐकला असेल ना त्यानं?"

"ऐकला असेल, आई."

"ऐकूनही येत नाही. असा नव्हता गं तो." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "देल्फिना, कुणी सलाम दिला आणि माणूस आलाच नाही, असं कधी होतं? खरं सांग मला."

मी चुलीपाशी होते. फिरून तिच्यासमोर बसले.

"आई, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या संध्याकाळी आमचं भांडण झालं होतं. मी त्याला नको ते बोलले. तुमच्यावरून बोलले. त्याचा ढोल अंगणात फेकून दिला आणि म्हणाले, गेलास तर पुन्हा ह्या घराची पायरी चढू नकोस. त्याने आईची शपथ घेतली, की नाही चढणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, ओठ आवळले गेले, आणि जुनी तोमासा परत आली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून वाटत होतं मला, सटवे."

मग तिने ताट पुढे ओढलं आणि सगळं जेवली.